पेंटबॉल मार्करच्या बदली नळ्या : एका तुलनेचा इतिहास

प्रस्तावना

दि. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर या गावाजवळच्या रानात बारा माणसे एकमेकांची शिकार करण्यास उतरली. लेखक चार्ल्स गेन्स, शेअर दलाल हेज नोएल आणि स्कीइंगच्या साहित्याचे व्यापारी बॉब गर्न्सी या तिघांनी हा डाव मांडला होता. प्रत्येकाच्या हाती रंगाच्या गोळ्या सोडणारे एक पिस्तूल होते. चार ठिकाणी ठेवलेली निशाणे गोळा करून जो रंग न लागता बाहेर पडेल तो विजयी, असा नियम होता. विजयी ठरला रिची व्हाइट. जंगलतोडीच्या व्यवसायातील हा माणूस झाडीतून इतक्या शांतपणे वावरला की सबंध डावात त्याने एकही गोळी झाडली नाही.

पेंटबॉलचा इतिहास सांगताना ही गोष्ट बहुधा गमतीदाखल सांगितली जाते. तथापि पुढील तीस वर्षांत या खेळाच्या साहित्यात ज्या वस्तूवर सर्वाधिक चर्चा झाली ती म्हणजे मार्करची नळी, आणि पहिल्या डावाच्या निकालाशी त्या नळीचा काडीमात्र संबंध नव्हता. हा विरोध लक्षात घेतल्यास प्रस्तुत विषयाचे स्वरूप स्पष्ट होण्यास मदत होते. मार्कर विकत घेतल्यावर त्याची मूळ नळी काढून तिच्या जागी निराळ्या उत्पादकाची नळी बसविण्याची प्रथा केव्हा व कशी रूढ झाली, या बदली नळ्यांची तुलना कोणत्या कसोट्यांवर केली गेली आणि त्या कसोट्या कितपत खऱ्या होत्या, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. ‘बंदूक’ हा शब्द येथे टाळला असून खेळाडू व उत्पादक वापरतात तो ‘मार्कर’ हाच शब्द योजला आहे. या शब्दाचे मूळही इतिहासातच आहे.

वनखात्याचे पिस्तूल

मिशिगन राज्यातील आयर्न माउंटन येथील नेल्सन पेंट कंपनी वनव्यवसायासाठी रंग तयार करीत असे. तोडावयाच्या झाडांवर दुरूनच खूण करता यावी म्हणून रंगाने भरलेली गोळी वायूच्या दाबाने फेकणारे पिस्तूल तयार करण्याचा प्रयत्न या कंपनीच्या प्रेरणेने १९६०च्या दशकात झाला. प्रथम क्रॉसमन कंपनीने ‘७०७’ हे पिस्तूल बनविले. पुढे डेझी या हवाई बंदुका बनविणाऱ्या कंपनीने आपले पिस्तूल तयार केले आणि तेच ‘नेलस्पॉट ००७’ या नावाने विकले गेले. गाईगुरांवर खूण करण्यासाठीही त्याचा उपयोग होई. औषधाच्या मऊ जिलेटिन कॅप्सूल ज्या तंत्राने बनतात त्याच तंत्राने या गोळ्या बनत. गोळीचा व्यास ०.६८ इंच, म्हणजे सुमारे १७.३ मिलिमीटर ठरला आणि तो आजतागायत प्रमाण म्हणून टिकून आहे. आत तैलरंग असल्याने सुरुवातीच्या खेळाडूंना डाव संपल्यावर टर्पेंटाइनने अंग पुसावे लागे. पाण्याने धुतला जाणारा रंग नंतर आला.

नेलस्पॉटची रचना एका हेतूने झाली होती. झाड उभ्या जागी उभे राहते, वनरक्षक त्याच्यापासून काही पावलांवर असतो आणि ठिपका बुंध्यावर कोठेही पडला तरी चालतो. अशा कामाला नळीच्या अचूकपणाची चिंता करण्याचे कारण नव्हते. खेळात मात्र लक्ष्य पळते, लपते आणि उलट मारा करते. १९८२ मध्ये गर्न्सी यांनी ‘नॅशनल सर्व्हायव्हल गेम’ या नावाने खेळाचा व्यवसाय सुरू केला आणि मैदाने उघडली, तेव्हा वनखात्याच्या अवजाराकडून ज्या कामाची अपेक्षाच नव्हती त्या कामासाठी ते वापरले जाऊ लागले. नळीविषयीच्या असमाधानाचा उगम येथे शोधावा लागतो.

आरंभीच्या अनेक मार्करांत नळी हा सांगाड्याचाच भाग असे. ती बदलावयाची तर लेथवर काम करणारा कारागीर हवा. १९८०च्या दशकाच्या मध्यास असे हौशी कारागीर निर्माण झाले. ते पिस्तुलाला पंपाचा दांडा बसवून देत, नळी लांब करून देत, आतून घासून गुळगुळीत करून देत. बदली नळीचा धंदा या घरगुती कारखान्यांतून उभा राहिला.

सुटी होणारी नळी

खरा बदल १९९०च्या आसपास झाला. त्या सुमारास टॉम के यांच्या एअरगन डिझाइन्स कंपनीचा ‘ऑटोमॅग’ आणि बड ऑर यांच्या वर्र गेम प्रॉडक्ट्सचा ‘ऑटोकॉकर’ हे अर्धस्वयंचलित मार्कर बाजारात आले. त्यांची नळी हाताने काढता व बसविता येत असे. ऑटोकॉकरची नळी आट्यांवर फिरवून बसविली जाई. हे आटे पुढे इतक्या उत्पादकांनी स्वीकारले की ‘कॉकरचे आटे’ हा जणू अलिखित प्रमाण-संकेत झाला. तरीही किंगमन कंपनीचा स्पायडर आणि टिपमनचा मॉडेल ९८ यांचे आटे निराळे राहिले. एका मार्करची नळी दुसऱ्याला बसत नाही ही गैरसोय खेळाडूला होती. विक्रेत्याला मात्र ती सोयीची होती, कारण मार्कर बदलला की नळीही नवी घ्यावी लागे.

या दशकात नळ्यांचे जे प्रकार बाजारात आले त्यांची विविधता थक्क करणारी आहे. पितळ, ॲल्युमिनियम, पोलाद हे धातू होते. आतून सिरॅमिकचा लेप दिलेली ‘जे अँड जे’ची नळी होती, लॅप्को आणि डाय या कंपन्यांच्या घोटून गुळगुळीत केलेल्या नळ्या होत्या. आर्मसनने रायफलीप्रमाणे आत पिळाच्या खाचा पाडल्या. पेन्सिल्व्हेनियातील गार्डनर बंधूंच्या स्मार्ट पार्ट्स कंपनीने नळीच्या तोंडाकडील भागात नागमोडी वळणाने भोके पाडली. लांबी आठ इंचांपासून सोळा इंचांपर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक असे. प्रत्येक प्रकाराबरोबर एक दावा येई आणि बहुतेक दाव्यांचा शेवट ‘अधिक अचूक’ या दोन शब्दांत होई.

या दाव्यांचे साधन म्हणून नियतकालिकांचा विचार करावा लागतो. ‘ॲक्शन पर्स्यूट गेम्स’सारख्या मासिकांतून नळ्यांची परीक्षणे छापली जात आणि त्याच नळ्यांच्या पानभर जाहिराती त्याच अंकात असत. यावरून परीक्षणे विकाऊ होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने दरबारी बखरीकडे ज्या नजरेने पाहावे त्याच नजरेने या परीक्षणांकडे पाहणे इष्ट आहे. बखरकार खोटेच लिहितो असे नाही, पण तो कोणाच्या पदरी आहे हे विसरून चालत नाही.

लांबी आणि भोके

नळीत गोळीला वेग कसा येतो हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. झडप उघडली की दाबाखालील कार्बन डायऑक्साइड किंवा हवा गोळीच्या पाठीमागे शिरते, प्रसरण पावते आणि गोळीला पुढे रेटते. नळीत पहिल्या आठएक इंचांत गोळीला मिळावयाचा वेग बहुतांशी मिळालेला असतो. त्यापुढे वायूचा जोर ओसरतो आणि नळीचे घर्षण तेवढे उरते. म्हणून चौदा इंची नळी आठ इंचीपेक्षा दूर मारते ही समजूत टिकत नाही. शिवाय मैदानावर वेगाची मर्यादा सेकंदाला ३०० फूट, म्हणजे सुमारे ९१ मीटर अशी घातलेली असते. नळी कोणतीही असो, मार्कर त्या मर्यादेच्या आत जुळवून घ्यावा लागतो आणि पल्ला वाढविण्याचा सरळ मार्ग तेथेच बंद होतो.

भोकांचे काम निराळे आहे. गोळीमागचा वायू तोंडाशी एकदम सुटला तर फटाक्यासारखा आवाज होतो. भोकांवाटे तो हळूहळू बाहेर पडल्यास आवाज मऊ होतो. झाडीत लपून खेळणाऱ्याला याचा उपयोग खराच होता, कारण आवाजावरून त्याची जागा कळत नसे. लांब नळीचाही एक खरा उपयोग खेळाडूंना अनुभवाने कळला होता. फुगवलेल्या अडथळ्याआडून वा झुडपातून अंग न दाखविता तोंड बाहेर काढता येई. हे दोन्ही गुण खरे असताना जाहिरातींना अचूकपणाचाच मोह का पडला, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. ‘आमची नळी आवाज कमी करते’ हे विधान दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला लगेच पडताळता येते. ‘आमची नळी अचूक आहे’ हे पडताळणे कठीण असते, आणि हुकलेला नेम नेहमी गोळीच्या, वाऱ्याच्या किंवा हाताच्या माथी मारता येतो.

फटीचा प्रश्न

सर्व दाव्यांत एका दाव्याला भक्कम आधार होता. गोळी आणि नळी यांचे माप जुळले पाहिजे, हा तो दावा. जिलेटिनची गोळी हवेतील ओलावा शोषते आणि फुगते, कोरड्या थंडीत ती आकसते व ठिसूळ होते. एकाच खोक्यातील सर्व गोळ्याही सारख्या नसतात. नावाला ०.६८ इंच असलेली गोळी प्रत्यक्षात थोडी लहान किंवा मोठी निघते. नळी सैल असेल तर वायू गोळीच्या कडेने निसटतो आणि प्रत्येक गोळीला कमीअधिक वेग मिळतो. फारच सैल असल्यास मार्कर खाली झुकविताच गोळी आपोआप घरंगळत बाहेर पडते. नळी घट्ट असेल तर गोळी आतच फुटण्याची भीती असते आणि फुटलेल्या रंगाने माखलेल्या नळीतून पुढची गोळी सरळ जात नाही.

माप जुळते की नाही हे पाहण्याची खेळाडूंची रीत अगदी साधी होती. नळी मार्करपासून सोडवायची, मागच्या तोंडात गोळी ठेवायची आणि चुलीच्या फुंकणीत फुंकावे तशी फुंकर मारायची. गोळी आपसूक घरंगळली तर नळी सैल, फुंकूनही हलली नाही तर घट्ट, आणि फुंकरीसरशी निघाली तर योग्य. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा निर्णय ओठांवर घेणारी ही कसोटी कोणत्याही मासिकी परीक्षणापेक्षा अधिक विश्वसनीय होती असे म्हणण्यास हरकत नाही.

या रीतीचे व्यापारी रूप म्हणजे स्मार्ट पार्ट्सची ‘फ्रीक’ नळी. तिच्या मागच्या भागात बदलता येणाऱ्या पातळ नळकांड्या सरकविण्याची सोय होती. संचात ०.६७९, ०.६८२, ०.६८४, ०.६८७, ०.६८९, ०.६९१, ०.६९३ आणि ०.६९५ इंच अशा आठ मापांची नळकांडी मिळत. पहिल्या व शेवटच्या मापातील अंतर ०.०१६ इंच, म्हणजे सुमारे ०.४ मिलिमीटर भरते. संपूर्ण संचाला शंभरहून अधिक डॉलर मोजावे लागत. दुसरा मार्कर घेतल्यास केवळ आट्यांचा मागचा भाग बदलून तोच संच वापरता येई, ही त्यातील विशेष सोय होय. आट्यांच्या विविधतेने निर्माण केलेली अडचण अशा रीतीने एका उत्पादकाने सोडविली आणि तिचेच भांडवलही केले.

फट जुळविल्याने किती फरक पडतो याचा ढोबळ हिशेब करता येतो. हवेचा अवरोध क्षणभर बाजूस ठेवल्यास सेकंदाला ३०० फूट वेगाची गोळी ३० मीटर अंतर कापेपर्यंत सुमारे ५३ सेंटिमीटर खाली येते. वेग २८० फूट असेल तर ती सुमारे ६१ सेंटिमीटर खाली येते. म्हणजे वेगात वीस फुटांचा फरक पडल्यास ठिपका आठ सेंटिमीटर वरखाली होतो. हवेचा अवरोध धरल्यास हे अंतर वाढते. वेग सारखा ठेवणारी नळी उभ्या दिशेची चूक कमी करते हे यावरून मान्य करावे लागते. डावीउजवीकडची चूक मात्र या हिशेबात बसत नाही आणि खेळाडूंची तक्रार तर तीच होती. गोळी मध्येच एकीकडे वळते, असे ते सांगत.

रॉबिन्सची वाकडी नळी

ही तक्रार नवी नव्हती. अठराव्या शतकातील पायदळाच्या बंदुकीविषयीही असेच म्हटले जाई. ब्रिटिशांच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीच्या नळीचा व्यास ०.७५ इंच आणि शिशाच्या गोळीचा सुमारे ०.६९ इंच असे. दारूच्या काजळीने नळी भरली तरी गोळी भराभर ठासता यावी म्हणून सुमारे दीड मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली होती. फ्रीकच्या सगळ्यात लहान व सगळ्यात मोठ्या नळकांड्यांतील फरकाच्या तिपटीहून ही फट मोठी आहे. अशा नळीतून गोळी भिंतींवर आपटत बाहेर पडे आणि शेवटचा धक्का जिकडून बसला असेल त्यानुसार गिरकी घेत जाई.

या गिरकीचा पद्धतशीर अभ्यास प्रथम बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने केला. १७४२ मध्ये त्याचा तोफशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. लोलकावर गोळी झाडून तिचा वेग मोजण्याची रीत त्यात दिली होती. त्यानंतर त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक विलक्षण प्रयोग मांडला. त्याने बंदुकीची नळी तोंडाजवळ डावीकडे वाकविली आणि गोळीच्या मार्गात ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगले. वाकडी नळी डावीकडे मारेल ही सर्वांची अपेक्षा होती. पहिल्या पडद्याला गोळीने डावीकडे भोक पाडले खरे, परंतु पुढे ती वळत वळत उजवीकडे गेली. वाकणातून जाताना गोळी नळीच्या उजव्या भिंतीवर घासली, त्यामुळे तिला गिरकी मिळाली आणि गिरकीमुळे हवेने तिला उजवीकडे ढकलले, असे त्याचे स्पष्टीकरण होते. याच परिणामाचा अभ्यास बर्लिनच्या हाइनरिश माग्नुस याने १८५२च्या सुमारास केला आणि नाव त्याचेच रूढ झाले. रॉबिन्सच्या वाट्याला ते श्रेय आले नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची दुरुस्ती करण्यासाठी तो हिंदुस्थानात आला आणि जुलै १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तापाने मरण पावला. बंदुकीची गोळी का वळते हे ज्याने प्रथम दाखविले त्याचा अंत तमिळ किनाऱ्यावर झाला ही बाब भारतीय वाचकांना सहसा ठाऊक नसते.

सैन्याच्या बंदुकीपुरता हा प्रश्न पिळाच्या खाचांनी सुटला. गोळीला तिच्या मार्गाच्या अक्षाभोवती ठराविक गिरकी दिली की भलत्या दिशेची गिरकी उरत नाही. घट्ट बसणारी गोळी ठासण्याची अडचण मिनिए याच्या पोकळ बुडाच्या गोळीने १८४९च्या सुमारास दूर केली. १८५३च्या एन्फिल्ड रायफलीची काडतुसे याच परंपरेतील होत. खाचांच्या नळीत गोळी सुलभ सरकावी म्हणून त्यांना चरबी लावली जाई आणि १८५७ मध्ये त्या चरबीने काय घडविले हे सांगण्याची आवश्यकता नाही.

पेंटबॉलला हा उपाय का लागू पडू नये? आर्मसन आणि नंतरच्या काही उत्पादकांनी खाचांच्या नळ्या विकल्या त्या याच तर्कावर. पण शिशाची गोळी खाचांत रुतते. जिलेटिनचे कवच रुतण्याइतके दाबले तर फुटते आणि हलके दाबले तर खाच त्याला नीट पकडत नाही. दुसरी अडचण गोळीच्या पोटात आहे. आतला पॉलिएथिलीन ग्लायकॉलचा दाट द्रव कवचाबरोबर लगेच फिरू लागत नाही. कच्चे अंडे टेबलावर फिरवून पाहिल्यास त्याचा प्रत्यय येतो. त्यात कवचाला दोन अर्ध्यांच्या जोडाची शिवण असते, गोळी पूर्ण गोल नसते आणि वजनाने अवघी तीन ग्रॅम असल्याने हवेचा प्रत्येक झटका तिला जाणवतो. चूक नळीत कमी आणि गोळीत अधिक होती, असे वस्तुस्थितीवरून दिसते.

रॉबिन्सच्या प्रयोगाचे खरे पुनरुज्जीवन इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे झाले. तेथील टिपमन कुटुंब मुळात ब्राउनिंग मशीनगनच्या अर्ध्या आकाराच्या चालत्या प्रतिकृती बनवीत असे. १९८६च्या अमेरिकन कायद्याने नागरिकांना नव्या मशीनगन विकण्यास बंदी आली, तेव्हा त्यांनी पेंटबॉलकडे मोर्चा वळविला. १९९०च्या दशकाच्या अखेरीस या कंपनीने ‘फ्लॅटलाइन’ ही नळी आणली. ती उघड्या डोळ्यांना दिसेल इतकी वाकडी होती. मागून वर चढणारी आणि तोंडाकडे खाली वाकणारी अशी तिची कमान होती. कमानीतून जाताना गोळी नळीच्या वरच्या खडबडीत भिंतीवर घासते, तिला उलटी गिरकी मिळते आणि हवा तिला वर उचलून धरते. रॉबिन्सची डावीकडे वाकविलेली नळी पाव फेरा फिरवून खाली वाकविली की फ्लॅटलाइन तयार होते. त्याने जे दोष म्हणून दाखविले त्याचा येथे गुण म्हणून उपयोग झाला.

सर्व बदली नळ्यांत पल्ला खरोखर वाढविणारी नळी हीच होय. गोळी सपाट मार्गाने दूरवर जाई. पण त्याची किंमतही होती. लांब गेलेल्या गोळीचा वेग इतका घटलेला असे की ती अंगावर आदळून न फुटता उसळे आणि न फुटलेली गोळी नियमाने धरली जात नाही. मार्कर आडवा धरला तर उचलणारे बल आडवे होऊन गोळी त्या बाजूस वळे. आत रंग सांडला की गिरकीची शिस्त बिघडे, म्हणून नळी वारंवार पुसावी लागे. चांगल्या प्रतीच्या, अखंड गोळ्यांशिवाय तिचा उपयोग होत नसे. ज्या खेळाडूने स्वस्त गोळ्या आणि महाग नळी असा हिशेब मांडला त्याची निराशा झाली.

तुलना कशी झाली

वर उल्लेखिलेल्या काळात नळ्यांची तुलना बहुधा कागदी थाळी टांगून केली जाई. पंचवीसतीस पावलांवरून दहा गोळ्या एका नळीतून, दहा दुसरीतून, आणि ठिपके मोजायचे. या रीतीतील दोष सहज लक्षात येतात. मार्कर हातात असतो, वेग प्रत्येक वेळी मोजलेला नसतो, गोळ्या मापाने निवडलेल्या नसतात आणि दहा ही संख्या फार लहान आहे. सर्वांत मोठा दोष म्हणजे नव्या नळीवर पैसे खर्च केलेला माणूसच परीक्षक असतो. नळी, गोळी, वेग आणि हात यांपैकी एकच गोष्ट बदलून बाकीच्या स्थिर ठेवल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. मार्कर शिकंजात पक्का आवळून आणि प्रत्येक गोळीचा वेग नोंदवून घेतलेल्या चाचण्या थोड्या झाल्या. ज्या झाल्या त्यांतून नामांकित नळ्यांमधील फरक जाहिरातींच्या मानाने फारच किरकोळ ठरला.

या संदर्भात टॉम के यांचा उल्लेख करणे उचित होईल. स्वतः उत्पादक असूनही नळीविषयीचे दावे प्रयोगाने तपासावेत असा आग्रह त्यांनी धरला. हा स्वभाव त्यांनी पुढेही सोडला नाही. २००८ मध्ये डायनोसॉरच्या हाडांतील तथाकथित मऊ ऊती म्हणजे जिवाणूंचे थर असावेत, असे मांडणाऱ्या बहुचर्चित शोधनिबंधाचे ते प्रमुख लेखक होते. त्या मतावर मतभेद आहेत. पण मार्करची नळी आणि जीवाश्माचे हाड यांना एकच प्रश्न विचारणारी माणसे विरळा असतात.

तुलनेतून सुटलेली बाब

नळ्यांच्या तुलनेत एक कसोटी क्वचितच आली. ती म्हणजे सुरक्षितता. तीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ९१ मीटर वेगाने जाते तेव्हा तिच्यात साडेबारा ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. अंगावर त्याने वळ उठतो. उघड्या डोळ्यावर बसल्यास दृष्टी जाऊ शकते आणि १९८०च्या दशकापासून नेत्रवैद्यकाच्या नियतकालिकांत अशा रुग्णांच्या नोंदी येत आहेत. मुखवटा सक्तीचा झाला तो या अनुभवातून.

नळी बदलण्याशी याचा थेट संबंध आहे. सैल नळी काढून घट्ट नळी बसविली की तोच मार्कर, त्याच दाबावर, अधिक वेगाने मारू लागतो. सकाळी २९० फुटांवर जुळविलेला मार्कर दुपारी नळी बदलल्यावर ३०० च्या पुढे जाऊ शकतो. म्हणून नळी किंवा गोळीचा प्रकार बदलल्यावर क्रोनोग्राफवर वेग पुन्हा मोजणे आवश्यक असते. परीक्षणांनी ठिपक्यांचे वर्तुळ किती लहान झाले याची चर्चा केली, पण ही सूचना त्यांत शोधून काढावी लागते. नळीच्या तोंडात बसवायचे बूचही असेच दुर्लक्षित राहिले. चुकून चाप ओढला गेला तर गोळी अडावी हा त्याचा हेतू होता. परंतु बूच गोळीने उडून जाऊ शके आणि ते कोणत्या नळीत घट्ट बसेल याचा भरवसा नसे. बदली नळ्यांच्या भिन्न व्यासांनी त्यात भर घातली. शेवटी दोरीने मागे बांधलेली कापडी पिशवी नळीवर चढविण्याची पद्धत आली आणि बहुतेक मैदानांनी बूच बंद केले. मैदानावर पाऊल ठेवणाऱ्या मुलाच्या दृष्टीने पाहिले तर नळीच्या इतिहासातील सर्वांत मोलाची सुधारणा ही चार पैशांची पिशवी होय.

लोणावळ्यासारख्या ठिकाणी सहलीला गेलेला मराठी माणूस पेंटबॉल खेळतो तो भाड्याच्या मार्करवर. त्याला नळी निवडण्याचा प्रश्न पडत नाही. मुखवटा कसा बसतो आणि पिशवी नळीवर आहे की नाही, एवढे त्याने पाहावे.

बाजाराचा उतार

२००० ते २००५ या काळात बदली नळीला जी प्रतिष्ठा होती ती पुढे ओसरू लागली. कारणे अनेक आहेत. मार्करबरोबर येणाऱ्या मूळ नळ्याच सुधारल्या. गोळ्यांचा आकार अधिक नियमित झाला. सैल नळीपेक्षा गोळीहून किंचित लहान व्यासाची नळी वायू वाचविते आणि वेग सारखा ठेवते, असे मत दशकाच्या अखेरीस पसरले. त्यामुळे आठ नळकांड्यांच्या संचाऐवजी एकदोन मापांवर भागू लागले. २०१० मध्ये स्मार्ट पार्ट्स कंपनी बंद पडली आणि तिची मालमत्ता स्पर्धकाकडे गेली. फ्रीकची नळकांडी मात्र त्यानंतरही विकली जात राहिली.

त्याच सुमारास फोर्ट वेनमधूनच ‘फर्स्ट स्ट्राइक’ ही नव्या घाटाची गोळी आली. तिचे पुढचे टोक गोल, मागचा भाग निमुळता आणि त्यावर तिरक्या पिळाच्या कडा असतात. हवेतून जाताना त्या कडा गोळीला आपोआप गिरकी देतात, म्हणून खाचांच्या नळीप्रमाणेच साध्या गुळगुळीत नळीतूनही ती सरळ जाते. तिची किंमत गोल गोळीच्या अनेक पटींनी अधिक असल्याने ती मोजक्या खेळाडूंच्या हाती राहिली. तीस वर्षे नळीकडून मागितलेला पीळ तिने गोळीच्याच अंगावर आणून ठेवला होता.